घरच्या बाईची साक्ष

मोनाची साक्ष संपली तसं सगळ्यांनी आमेन म्हटलं आणि माना वळवून अस्मिताकडं पाहिलं. शुक्रवारची घरप्रार्थना ज्या घरी, त्या घरच्या बाईनं शेवटची साक्ष द्यायची, ही त्यांच्या मंडळीतली जुनी रीत. आठवडाभरात प्रभूनं आपल्या घरात काय केलं ते उभं राहून चार शब्दांत सांगायचं, मग पाळकसाहेबांची प्रार्थना आणि मग चहा-पोहे. आज सगळे उचगावात, अस्मिताच्या घरी जमले होते.

साक्षी नेहमीसारख्याच झाल्या होत्या. बाळासोंची स्कूटर ट्रकखाली जाता जाता वाचली होती. प्रियदर्शनीच्या मुलीला शाहूपुरीतल्या एका बँकेत नोकरी लागली होती. मोनाचा तर अडकलेला गॅस सिलिंडरसुद्धा प्रभूनं घरपोच केला होता. आठवडाभर प्रभू अख्ख्या कोल्हापुरात हिंडला होता. अस्मिताच्या घरी यायचं तेवढं त्याला जमलं नव्हतं.

तिला कुणाचा हेवा वाटत नव्हता. हेवा करायलाही अंगात बळ लागतं. तिची सासू झुंबरबाई दोन वर्षं बाहेरच्या खोलीतल्या कॉटवर पडून होती. अर्धांगानं एक बाजू गेली, काचबिंदूनं डोळे गेले, आणि मागोमाग आठवणही गेली. सकाळी उठून तिचं तोंड धुवायचं, डायपर बदलायचं, अंग पुसायचं, पाठीला पावडर लावायची, पेज भरवायची. दुपारी पुन्हा तेच. रात्रीतून उठून कूस बदलायची. नवरा शमुवेल शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला. त्याची शिफ्ट भोंगा झाला की सुटायची, हिची सुटतच नव्हती.

अंगाला हात लागला की सासू विचारायची, "कोण हाय?" अस्मिता सांगायची, "मी हाय आई, अस्मिता." थोड्या वेळानं पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. शेवटी अस्मितानं उत्तर देणंच सोडून दिलं. सासूनंही मग विचारायचं सोडलं. गेले कित्येक महिने सगळं मुकाट्यानं चाललं होतं. अगदी मुकाट्यानं तरी कसं म्हणावं? कधी डोकं फिरलं की अस्मिता भांडी आपटायची, म्हातारीवर खेकसायची, आणि मग न्हाणीत जाऊन एकटीच रडायची.

प्रार्थना तिनं करून पाहिली होती. आधी सासू बरी व्हावी म्हणून, मग आपल्याला बळ मिळावं म्हणून, मग निदान एक रात्र सलग झोप लागावी म्हणून. झोपसुद्धा मिळाली नाही. आता तिच्या प्रार्थनेत नुसतं आमेन तेवढं उरलं होतं, तेही सवयीनं.

काल तिनं शमुवेलला सांगून टाकलं होतं. "उद्या मी खरं ते बोलणार. ह्या घरात देव येत न्हाय. आणि रविवारपासनं मी चर्चला येणार न्हाय."

शमुवेल भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो एवढंच म्हणाला, "बोल. पर आईच्या म्होरं नको."

"आईला कुठं काय कळतंय?"

अस्मिता उठली. पदर डोक्यावर घेतला. सासूच्या कॉटसमोर चटईवर बसलेले सगळे चेहरे तिच्याकडं मायेनं बघत होते, आणि त्या मायेचाच तिला त्रास होत होता.

"माझ्याकडं साक्ष न्हाय," ती म्हणाली. "दोन वर्सं हाक मारून मारून घसा बसला. कोण आलं न्हाय. मग खोटं कशाला सांगू?"

शमुवेल खाली बघत बसला. मोनानं हातातलं गीतांचं पुस्तक उगाचच मिटलं आणि उघडलं. पाळकसाहेब खाकरले. "असं नसतं ताई," ते म्हणाले, "प्रभू कधी कधी आपली परीक्षा..."

"कोण म्हणतंय, आलं न्हाय?"

आवाज कॉटवरून आला होता. झुंबरबाईंनी मान चटईवरच्या माणसांच्या दिशेनं वळवली होती. त्या इतक्या नीट बोलल्याला किती महिने झाले, ते घरातही कुणाला सांगता आलं नसतं.

पाळकसाहेब लगबगीनं कॉटजवळ गेले. खाली वाकून त्यांनी विचारलं, "कोण येतं, आई?"

"परभू," म्हातारी म्हणाली. "रोज येतोय की. माझं तोंड धुतोय. अंग पुसतोय. पेज भरवतोय. रातचं बी उठून येतोय आणि कूस बदलून जातोय."

कुणीतरी हळूच आमेन म्हटलं. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. अस्मिता होती तिथंच उभी राहिली. तिनं भिंतीला हात टेकला.

"तुमच्याशी काय बोलतो प्रभू?" पाळकसाहेबांनी विचारलं.

झुंबरबाईंनी मान हलवली.

"बोलत न्हाय फारसं. लई दमलेला असतोय बिचारा. कवा कवा तर वसकन अंगावर येतोय माझ्या. पर एक दिस चुकवत न्हाय."