अंजनगावचे गोड पाणी

सकाळचे ऊन वॉर्डात शिरले ते अगदी सावकाश. आधी पूर्वेच्या खिडकीच्या गजांवर ते नुसते टेकले. मग गजांच्या सावल्या समोरच्या भिंतीवर फिकट, लांबट उमटल्या. मग ते भिंतीवरून फरशीवर उतरले आणि पहिल्या खाटेच्या लोखंडी पायाशी थोडा वेळ थांबून राहिले. त्यात विशेष असे काही नव्हते. अमरावतीत रोज पडते तसेच ते ऊन होते. राजापेठेतल्या बंद शटरांवरही या घटकेला तेच पडले असेल. ते सहाव्या खाटेपर्यंत पोचेल तेव्हा डॉक्टर येतील, असे नितेशने मनाशी धरले होते.

सहाव्या खाटेवर त्याचे वडील शालिकराम भिंतीकडे तोंड करून निजले होते. रात्रीतून अकरा वेळा त्यांना उचलून संडासात न्यावे लागले होते. अकराव्या वेळी ते फार हलके लागले, आणि तेव्हापासून नितेशला कुणावर तरी ओरडायचे होते.

डॉक्टर पौर्णिमा उन्हाच्या आधी आल्या.

"आजचा केमोचा डोस देता येणार नाही," अहवाल वाचत त्या म्हणाल्या. "यांच्या शौचाच्या तपासणीत परजीवी निघालेत. डोळ्यांना न दिसणारे जंत म्हणा. दूषित पाण्यातून पोटात जातात. तुमच्या-माझ्या पोटात गेले तर काही दिवस त्रास देऊन निघून जातील. यांच्या अंगात त्यांना अडवायला पांढऱ्या पेशीच उरल्या नाहीत."

"मंग डोस कधी?"

"जुलाब थांबल्यावर. पण मानेतली गाठ पुन्हा वाढते आहे, ती काही आपल्यासाठी थांबणार नाही. पाणी उकळून देता ना?"

"पहिले तुमच्या इथलं पाणी पाहा, मॅडम!" नितेशचा आवाज चढला. "त्या कोपऱ्यातल्या नळाले शेवाळ धरलं हाय. कॅन्टीनवाला ज्या हातानं नाक पुसते त्याच हातानं पोळी देते. माणूस इथं बरा व्हाले येते, का जंत पोसाले?"

शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला.

"काका इथे परवा आले," डॉक्टर म्हणाल्या. "जुलाब वीस दिवसांपासून आहेत. घरी कोणते पाणी पितात?"

नितेश खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या बायकोकडे वळला. "सांग ना! उकळत होती का नाही? का मोबाईलच पाहत बसत होती?"

पायलने हातातला डबा खाली ठेवला. "उकळत होती," ती म्हणाली. "पोळ्यापर्यंत."

मग ती डब्याचे झाकण दाबून बसवू लागली.

त्यांचे गाव दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले. नळ दहा दिवसांनी येई. एरवी बोअरचे खारट पाणी, आणि उकळून आटले की ते अधिकच खारट. केमोने तोंड सोलवटलेल्या शालिकरामांना त्याचा घोट घशाखाली जात नसे. पोळा झाल्यावरच्या रविवारी नितेश मोटारसायकलवर अंजनगावला मामांच्या संत्राबागेत गेला आणि विहिरीचे दोन कॅन भरून घेऊन आला. विहिरीच्या काठावर शेळ्यांच्या लेंड्या होत्या. पाणी मात्र तळ दिसेल इतके नितळ. शिवाय गोड. आणि गोड पाणी म्हणजे चांगले पाणी, यावर त्यांच्या गावात आजवर कुणी वाद घातलेला नाही. वडील तांब्याभर पाणी एका दमात प्यायले आणि कितीतरी दिवसांनी हसले. शेजारच्या बाया म्हणाल्या, लेक असावा तं असा. त्यानंतर एकही रविवार चुकला नव्हता.

"मॅडम, त्याले काहून विचारता?" भिंतीकडे तोंड असलेले शालिकराम बोलले. "मीच पेलो. वावरात गेलो होतो, पाटातलं पाणी पेलो. चोरून."

"केमो चालू असताना शेतात?"

"खोड हाय जुनी." त्यांनी कष्टाने कूस बदलली. "अन् जंतायचं काय घेऊन बसल्या? जिंदगीभर पाहुणे घरी फुकट जेवून गेले. आता पोटातच उतरले."

"काका, हसण्यावारी नेऊ नका," डॉक्टर रागावल्या आणि केसपेपरवर लिहू लागल्या: शेतातील पाटाचे पाणी.

नितेश त्या अक्षरांकडे पाहत होता. एवढे लिहून झाले की त्या पुढच्या खाटेकडे जाणार होत्या. कुणीही त्याला आणखी काही विचारणार नव्हते.

"बाबा, खोटं काहून बोलून राहिले?" तो वडिलांवरच खेकसला. "तीन महिने झाले, दवाखाना सोडून तुमी ओसरी उतरले नाही!"

"चूप बैस." शालिकरामांनी त्याचे मनगट धरले. त्या पकडीत जोर नव्हता. "तू आणते त्या पाण्याशिवाय मले दुसरं काही गोड लागत नाही. तेवढं बंद नोको करू."

डॉक्टरांचा पेन थांबला. "कोणते पाणी?"

पायल नवऱ्याकडे पाहत होती. ओरडण्यासारखे आता वॉर्डात कुणी उरले नव्हते.

"अंजनगावच्या विहिरीचं," नितेश म्हणाला. "मी आणतो. पायल उकळाले निघाली होती. मीच नाही म्हटलं."