गवताची वेणी

शेवटच्या ठोंबापाशी माणिकराव गुरुजींचा विळा थांबला.

बोरीच्या शाळेत फाटकापासून ओळीनं लावलेल्या शोभेच्या गवताचे अकरा ठोंब सकाळपासून बुडातून कापून झाले होते. पोरांनी पाला पोत्यांत भरला होता. तो लांब नेऊन जाळायचा होता. चौथीतल्या पंकजाच्या हातात अजून गुरुजींचं भिंग होतं. गवताला लागलेला किडा तिनं आज पहिल्यांदा जवळून पाहिला होता. तिळाएवढा, आणि पंख बारीक जाळीचे.

"लय देखणा हाय गुरुजी. ह्यो एवढं गवत कसं मारतो?"

"पानाच्या खालून रस पितो, म्हणून वरून पान पांढरं पडतं. अंडी पानाच्या आत घालतो, त्यामुळं नुसतं झटकून भागत नाही. कापायचं आणि जाळायचं. मुळं जिवंत असतात, नवं फुटतं."

निवृत्तीला नऊ वर्षं झाली होती, तरी गुरुजी दर शनिवारी शाळेत येत. मुलांचा कुठलाही प्रश्न ते अर्धा सोडत नसत.

बारावा ठोंब स्वयंपाकखोलीच्या दाराशी होता. त्याच्या लांब पानांची वेणी घातलेली होती, टोकाला शाळेची लाल फीत. ती पंकजाच्या वर्गातल्या साक्षीनं घातली होती. दिवाळीच्या सुट्टीत साक्षी तापानं गेली. तिची आई सुकेशनी शाळेची खिचडी शिजवायची आणि तांदूळ धुतलेलं पाणी रोज ह्याच ठोंबाला घालायची.

पंकजानं वेणीला भिंग लावलं. "गुरुजी, हितं तर लयच हायेत. पेडापेडात बसलेत."

सुकेशनी दारात आली. तिनं विळ्याकडं पाहिलं.

"ह्याला सोडा गुरुजी."

"पोरी, हा एक ठेवला तर बाकीच्यांना पुन्हा कीड लागंल." गुरुजींनी तिलाही चौथीत शिकवलं होतं. नीट सांगितलं की तिला समजायचं. "महिनाभरात फुटंल बघ गवत."

"गवत फुटंल," सुकेशनी म्हणाली. "वेणी?"

गुरुजींनी लाल फितीकडं पाहिलं.

"उवा झाल्या म्हणून लेकीचं डोकं भादरतंय का कुणी?"

ती आत गेली. शाळा भरायच्या आधी साक्षीला ती इथंच विंचरायची. खिडकीतली फणी घेऊन ती बाहेर आली, पायरीवर बसली आणि ठोंब गुडघ्यांत धरला. फीत सोडून तिनं दातांत पकडली. पेड मोकळे केले. वरून खाली फणी फिरवली, पायरीवर आपटली आणि पडलेले किडे एकेक करून नखानं चिरडले.

"हलू नको," ती दातांतल्या फितीआडून म्हणाली. "झालंच."

पोरं पोती धरून उभी होती. पंकजा गुरुजींच्या कानाशी लागली.

"गुरुजी, अंडी तर पानाच्या आत असत्यात ना? फणीनं कशी निघतील?"

प्रश्न बरोबर होता. गुरुजींनी विळा पोत्याखाली सारला.

"तिच्याजवळ बस," ते हळू आवाजात म्हणाले, "आणि बुडाशी घट्ट धर. विंचरताना ओढ बसली की दुखतं."