मांजर, भोपळा, बटाटा

“मांजर,” यमुताई म्हणाल्या.

स्वानंदने मोबाइल त्यांच्या आणखी जवळ नेला. “नीट बघा, यमुताई. घाई नाही.”

“पाह्यलं ना गा. मांजर हाय. गरीब दिसते.”

शेजारच्या बाईने मान पुढे काढली आणि भोपळा म्हटलं. तिच्या मागचीला झेंडूचं फूल वाटलं. सगळ्यात शेवटी बाबाराव आले. गावात त्यांच्या शब्दाला मान होता. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला आणि इतरांपेक्षा जास्त वेळ चित्राकडे पाहिलं.

“बटाटा,” ते म्हणाले आणि उठून घरात गेले.

चित्र वाघाचं होतं. करंगळीच्या नखाएवढं. पारशिवनी तालुक्यातलं हे गाव पेंचच्या जंगलाला लागून आहे. या गावासाठी नागपूरची एक कंपनी अ‍ॅप बनवत होती आणि त्यातली लहान चित्रं काढणं हे स्वानंदचं काम होतं. वाघ दिसला की मोबाइलवरचं चित्र दाबायचं. ग्रामपंचायतीच्या गच्चीवरचा भोंगा वाजेल आणि रानात गेलेली माणसं माघारी फिरतील. गावातले मोबाइल जुने, पडदे तडकलेले. त्याच पडद्यावर आग होती, साप होता, दवाखान्याची गाडी होती. म्हणून चित्र लहान हवं. आणि पाहताक्षणी कळायला हवं, कारण वाघासमोर विचार करत उभं राहता येत नाही.

मोह गळायला लागला होता. पहाटे माणसं टोपल्या घेऊन निघत आणि झाडाखाली वाकून फुलं वेचत. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. गेल्या साली गावातला एक जण असाच वाकला होता. त्याची टोपली तेवढी सापडली.

नागपुरात स्वानंदचा साहेब धर्मेंद्र याने ते चित्र खालच्या चहावाल्याला दाखवलं. चहावाला कप विसळता विसळता “वाघ” म्हणाला. पानठेल्यावाला वाघ म्हणाला. लिफ्टमध्ये भेटलेली अनोळखी बाईही वाघच म्हणाली.

“अबे, सगळ्या शहराले वाघ दिसून राहिला,” धर्मेंद्र म्हणाला, “अन् जे वाघाच्या शेजारी राहतात त्याहीले बटाटा काहून दिसते? हे पाय, या हप्त्यात जमलं नाही तर काम पुण्याच्या कंपनीकडे जाते. अन् मोह काही तुयासाठी थांबत नाही.”

स्वानंदने पट्टे जाड केले. मिशा काढून टाकल्या. कान मोठे केले, मग फक्त तोंड ठेवलं. गावात त्याची उशी झाली, पणती झाली, कोणाच्या तरी लग्नातला फेटा झाला. मांजर मात्र यमुताईंनी सोडलं नाही.

शेवटी त्याने चित्राचा नाद सोडला आणि ठळक अक्षरांत ‘वाघ’ असं लिहिलं. यमुताई म्हातारपणी नातीच्या शेजारी बसून अक्षरं शिकल्या होत्या. एसटीत बसल्या की रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत. कंडक्टर वैतागत असे. स्वानंदने मोबाइल त्यांच्या हातात दिला.

“वाचा.”

यमुताईंनी पाहिलं. डोक्यावरचा पदर सारखा केला. “दोन अक्षरं हाय.”

“कोणती?”

“चष्मा घरी राहिला, बाप्पा.”

चष्मा त्यांच्या नाकावर होता. स्वानंदने नोंद केली की अक्षरं अजून मोठी हवीत.

त्या दिवशी तो गावातच मुक्कामाला थांबला. पहाटेच्या अंधुक उजेडात पडदा कसा दिसतो ते पाहायला तो यमुताईंबरोबर रानात निघाला. मोबाइलवर त्याने काढलेली सगळी चित्रं ओळीने मांडलेली होती, शेवटी दोन अक्षरं. कोणतंही दाबलं तरी भोंगा वाजणार होता.

पायवाट वळली तिथे यमुताई थांबल्या. पुढच्या मोहाखाली फुलांचा सडा पडला होता आणि त्या सड्यावर तो बसला होता, यांच्याकडे पाठ करून.

“वा...” स्वानंदच्या तोंडून निघालं. पुढचं अक्षर यमुताईंच्या तळहाताखाली राहिलं.

दुसऱ्या हाताने त्यांनी मोबाइल घेतला. चष्मा आज खरोखरच घरी होता. त्यांनी शोधलं नाही, विचारलं नाही. अक्षरांवर त्यांचं बोट गेलंच नाही. पहिल्या दिवशीच्या, सगळ्यात लहान चित्रावर त्यांनी नख टेकवलं.

गावाकडून भोंगा उठला. आजूबाजूच्या झाडांखालून माणसं उभी राहिली आणि एकेक करून मागे सरकली. तोही उठला, आळस दिला आणि नाल्यात उतरला.

अंगणात पोचल्यावर स्वानंदने मोबाइल परत घेतला. मग म्हणाला, “म्हणजे ते तुम्हाला मांजर वाटलंच नव्हतं?”

“मांजराले असे पट्टे राहतात काय? पहिल्याच दिवशी वळखलं सगळ्याहीनं. लय बेस काढला तू.”

“मग बोलला का नाहीत?”

“त्याच्या रानात राहून त्याचं नाव कोण घेईन, बाबू? नाव घेतलं का तो येते. अन् तू तर रोज येऊन इचारे, याचं नाव सांगा, याचं नाव सांगा.”

स्वानंदला हसू आलं. “पण बाबारावांनी तर हद्दच केली. बटाटा!”

यमुताई हसल्या नाहीत. वाटेत वेचलेली, टोपलीच्या तळाशी होती तेवढी फुलं त्यांनी सुपात ओतली.

“त्याहीच्या भावाले मागच्या साली त्याच बटाट्यानं नेलं.”