ऑक्सिजनची रेघ

“ही रेघ काढून टाक, हेमांगी,” मार्गदर्शक गुर्जर सर म्हणाले. “यंत्राचा दोष असणार.”

पडद्यावर फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषाचा अतिनील वर्णपट होता. त्यातली ऑक्सिजनची रेघ खरी असेल, तर स्फोटाची धक्कालहर सरांनी मांडलेल्या वेगाच्या दुप्पट वेगाने धावत होती. सरांचं नाव त्याच आकड्यावर झालं होतं.

“तीन वेळा निरीक्षण घेतलंय, सर. तिन्हींत ती त्याच जागी आहे.”

“मग प्रबंधावर माझी सही मिळणार नाही.”

हेमांगीने दुसऱ्या मार्गदर्शकासाठी अर्ज केला. सगळं नव्याने मांडण्यात दोन वर्षं गेली. बरोबरीचे सगळे डॉक्टर झाले, घरच्यांनी विचारणं सोडलं.

तोंडी परीक्षेला गुर्जर सर पहिल्याच रांगेत बसले. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, “रेघ वगळली असती, तर दोन वर्षं वाचली असती. का नाही वगळली?”

“ती ताऱ्याकडून आलीय, मॅडम,” हेमांगी सरांकडे बघत म्हणाली. “ती खोडायचा हक्क मला नाही. कुणालाच नाही.”

सर उठून बाहेर गेले. तिने पुढची आकृती लावली, तशी परीक्षक बाईंनी खुर्ची पुढे ओढली.