निंबाला टांगलेलं बॉनेट

बहात्तर सालापासून बंद पडलेला ट्रॅक्टर ‘भंगारात घाला’ म्हणणारं पारोळ्याजवळचं ते गाव आज हाशम पेंटरचं काम बघायला लोटलं होतं. गंज घासून, रेडऑक्साइडवर रंग चढवून हाशमने लाल बॉनेट आणि चंदेरी सायलेन्सर निंबाच्या फांदीला वाळायला टांगले होते.

“हाशम, आते ते नवरदेवना मायक दिखस रे!” मालक भाईदास आबा म्हणाले. नवरदेवासारखा दिसतो म्हटल्यावर हाशमची छाती फुगली.

वारा नव्हता, तरी बॉनेट थरथरू लागलं. सोळा वर्षांनी तीच धडधड! सायलेन्सरने भकाभका काळा धूर सोडला. टाळ्यांचा कडकडाट झाला. आबांनी टोपीच उडवली.

धुराने ओला रंग काळा पडेल, म्हणून हाशम हसतहसतच इंजिन बंद करायला धावला. त्याने ट्रॅक्टरवरची ताडपत्री उचलली.

आत जागा रिकामी होती. इंजिन त्याने परवाच धुळ्याला मिस्त्रीकडे पाठवलं होतं.