वरची कवळी

सामना संपला आणि कोणीतरी आवई उठवली, की खेळाडू दक्षिणेच्या फाटकातून निघणार. झालं! अख्खं मैदान तिकडे लोटलं.

वर काचेच्या खोलीत माइकशी बसलेल्या निवेदिकेला सगळं दिसत होतं. फाटकाचं एकच दार उघडं होतं, दुसऱ्याची कडी अडकली होती. पुढचे चेंगरत होते आणि मागच्यांना त्याचा पत्ताच नव्हता, ते आपले हौसेनं रेटत होते. त्या गर्दीत मधोमध तिच्या आईची पिवळी छत्री दिसत होती. बघता बघता तीही दिसेनाशी झाली.

"बाई, सांगा लवकर! घाबरू नका म्हणावं!" व्यवस्थापक ओरडले.

"साहेब, घाबरू नका म्हटलं की न घाबरलेलेही घाबरतात."

अठरा वर्षं ती हेच काम करत होती. तिनं घसा खाकरला आणि नेहमीच्या रटाळ आवाजात सुरू केलं, "एक सूचना. दक्षिणेच्या फाटकाजवळ एका ज्येष्ठ नागरिकांची वरची कवळी पडली आहे. नवीकोरी आहे. कृपया कोणी पाय पुढे टाकू नये. खाली वाकूही नये. सगळ्यात मागच्यांनी आधी चार पावलं मागे यावं. कवळी आमचा माणूस उचलेल."

क्षणभर कोणाला काही कळेना. मग मागे हशा पिकला.

"अरे सरका, चावेल!" कोणीतरी ओरडलं.

माणसं खिदळत, पाय जपत मागे सरू लागली. दुसऱ्याच्या दातांवर पाय द्यायची कोणाचीच तयारी नव्हती. रेटा सैल पडला, पहारेकऱ्याचा हात कडीपर्यंत पोचला आणि दुसरं दार उघडलं.

"कवळी! कुठून सुचलं हो बाई?" साहेब घाम पुसत हसले.

"काय माहीत. सुचलं ते बोलले." तिला मात्र हसू येईना. तिची नजर अजून पिवळी छत्री शोधत होती.

तेवढ्यात खोलीचं दार ढकलून आईच आत आली. केस पिंजारलेले, छत्रीची काडी मोडलेली, तोंडावर रुमाल. मुलीनं धावत जाऊन तिला मिठी मारली आणि मग रडू काही आवरेना.

"पुरे, पुरे. सोड मला," आई रुमालाआडून फणकारली. "साऱ्या गावभर बोभाटा करायची काय गरज होती? आण ती इकडे."

मुलीनं डोळे पुसत तोंडावरच्या रुमालाकडे पाहिलं.

"आणि काय गं," आईनं आवाज खाली आणला, "वरचीच पडली, हे तुला इथून कसं दिसलं?"