दुसरी फेरी

"तिन्ही निघाल्या. शिवायला घ्यायचं?" मदतनीस डॉक्टरने विचारलं.

सिस्टरने सुईदोरा उचलला, पण पुढे केला नाही. सव्वीस वर्षं ती या टेबलाशी हत्यारं देत आली होती. शस्त्रक्रिया करणारी धाकटी डॉक्टरीण अजून गप्प होती, आणि ती गप्प असली की काम संपलेलं नसतं.

आतड्याचा कॅन्सर फुफ्फुसात पसरलेला. स्कॅनमध्ये या बाजूला तीन गाठी दिसल्या होत्या. पण एखादी जरी आत राहिली, तर सगळ्या मेहनतीवर पाणी. त्यात पेशंटने साठी ओलांडलेली, भूल लांबवणंही धोक्याचंच.

एरवी अशा वेळी थोरले सर शेजारी उभे असत. त्यांचा नियम सगळ्या विभागाला पाठ होता: हवा काढलेलं फुफ्फुस बोटांतून दोनदा फिरवायचं, दुसऱ्यांदा डोळे मिटून. नंतर कुणी कितीही फुशारकी मारो, सर एकच विचारत, "डोळे मिटले होतेस?" बाई गं, काय धाक होता त्या प्रश्नाचा! भल्याभल्यांची बोबडी वळायची.

आज ती जागा रिकामी होती.

"आज सर काही ओरडणार नाहीत," भूलतज्ज्ञ म्हणाले. "उरका आता." कुणी हसलं नाही.

"दुसरी फेरी राहिलीय," डॉक्टरीण म्हणाली.

"अगं, रक्तदाब उतरतोय. दहा मिनिटं देतो, वर एक नाही."

तिने डोळे मिटले. सकाळी पेशंटला भूल चढेपर्यंत ती आत आलीच नव्हती, बाहेर नुसती हात धूत राहिली होती. पोरगी आज कच खाणार, असंच सिस्टरला वाटलं होतं. आता मात्र तीच बोटं फुफ्फुसाचा कण न् कण चाचपत होती.

सहा मिनिटं गेली. सात. बोटं तळाशी, मागच्या बाजूला थांबली. कापसात सरकी लागावी तसं काहीतरी लागलं होतं.

"इथे आहे."

मिऱ्याएवढी चौथी गाठ! स्कॅनला पत्ताच नव्हता.

"शाब्बास गं माझी वाघीण!" सिस्टर मोठ्याने म्हणाली.

दुपारी पेशंटला जाग आली. घशातली नळी काढलेली, आवाज खरखरीत. डॉक्टरीण पलंगाशी वाकली.

"चार होत्या," ती म्हणाली.

पेशंटने मान तिच्याकडे वळवली.

"डोळे मिटले होतेस?"

"हो, सर."